दिवाळीआधी बंब घासला जाई, गीझरचे काय?

जानेवारीतली सकाळ. लखनौच्या तेलीबाग भागात सात वाजून गेले तरी उजाडल्याची खूण दिसत नाही. रायबरेली रोडवरून जाणाऱ्या ट्रकांचे दिवे धुक्यात पिवळ्या ठिपक्यांसारखे सरकत असतात. जानेवारीत इथले किमान तापमान सात-आठ अंशांच्या आसपास असते आणि थंडीची लाट आली की त्याहूनही खाली जाते. पुण्या-मुंबईकडून आलेल्या माणसाला पहिला हिवाळा चांगलाच जाणवतो. घरे उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली, फरशी गारठलेली आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभर थंडीत राहून हाताला बोचणारे.

तेलीबागेला लागून लष्कराची छावणी आहे आणि याच रस्त्यावर पुढे संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. नोकरी-बदलीच्या निमित्ताने आलेली कुटुंबे या भागात भाड्याने राहतात, त्यांत एखादे मराठी घरही असते. अशा एखाद्या घरातली सकाळ डोळ्यांसमोर आणावी. मुलांची शाळा, पतींची ड्यूटी, साताऱ्याहून चार महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. सहाला गीझर लावला तरी पावणेसातपर्यंत पाणी जेमतेम कोमट. टाकीतून खदखद असा आवाज. आणि नळाला हात लावला की बोटांना बारीकशी झिणझिणी.

"हात ओला होता ना, म्हणून वाटलं असेल," असे म्हणून गृहिणी कामाला लागते. "रविवारी बघू," असे पती म्हणतात. खालच्या मजल्यावरचे घरमालक सांगतात, "भाभीजी, दस साल से चल रहा है, कुछ नहीं होगा." प्रश्न विचारतात त्या फक्त सासूबाई: "हा शेवटचा कधी उघडला होता गं?"

याचे उत्तर घरात कोणाकडेच नसते. गीझर घराबरोबर मिळालेला असतो. आधीचे भाडेकरू दोन वर्षे राहून बदलून गेले, त्याआधीचेही तसेच. प्रत्येकाने बटण दाबले आणि अंघोळ केली. भिंतीवरची ती टाकी उघडून आत काय चालले आहे हे मात्र कोणी पाहिले नाही. जुन्या गीझरचा खरा धोका त्याच्या वयात नसतो. तो कधी उघडला गेला हे कोणालाच ठाऊक नसते, धोका त्यात असतो.

बंबाचा मुहूर्त

सासूबाईंच्या पिढीला हा प्रश्न सुचतो याला कारण आहे. त्यांनी बंब वापरलेला असतो. तांब्याचा तो उंच बंब, मधोमध धुराचे नळकांडे, खाली जाळी आणि राखेचे भांडे, बाजूला पितळी तोटी. वरून थंड पाणी ओतावे, मधल्या नळकांड्यात गोवऱ्या, लाकडाचे ढलपे किंवा कोळसा घालावा, आणि थोड्या वेळात तोटीतून कढत पाणी घ्यावे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी घरातल्या सगळ्यांना पाणी लागे. म्हणून दिवाळीच्या आधी बंब अंगणात काढून चिंच आणि राखेने लख्ख घासला जाई. आत साचलेले क्षार खरवडले जात, तोटी गळते का ते पाहिले जाई, राखेची जाळी मोकळी केली जाई.

म्हणजे वर्षातून एकदा तपासणी ठरलेली होती, तीही सणाच्या निमित्ताने. बंबाची दुसरी जमेची बाजू अशी की त्याचे सगळे डोळ्यांसमोर असे. पाणी संपत आले की कळे, विस्तव वाढला की दिसे, गळती झाली की राख भिजे. गीझरमध्ये हे सगळे पांढऱ्या पत्र्याच्या आड गेले. सोय झाली, पण नजर सुटली. त्या नजरेची जागा आता माहितीनेच भरून काढावी लागते.

आत असते तरी काय?

साठवणीच्या गीझरमध्ये एक टाकी असते. जुन्या गीझरमध्ये ती बहुधा तांब्याची असे. पुढे आतून काचेसारखा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आल्या. टाकी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये उष्णता धरून ठेवणारा थर असतो. जुन्यात काचेचा कापूस, नव्यात फोम. खालून थंड पाणी येते, वरच्या थरातून गरम पाणी बाहेर पडते. पाणी तापवते ते एलिमेंट, म्हणजे तारेचे वेटोळे आत असलेली धातूची वाकडी नळी. घरगुती गीझरमध्ये ती बहुधा २००० वॅटची असते.

या टाकीवर चार पहारेकरी नेमलेले असतात. पहिला थर्मोस्टॅट. पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचले की तो वीज तोडतो आणि बाहेरचा दिवा विझतो. थर्मोस्टॅट चिकटून बसला तर दुसरा पहारेकरी कटआउट. पाणी उकळीला पोहोचण्याआधी तो वीज बंद करतो. तिसरा सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब वाढला की तो थोडे पाणी बाहेर सोडतो. चौथा फ्यूजिबल प्लग. बाकी सारे चुकले आणि उष्णता हाताबाहेर गेली तर त्यातला मऊ धातू वितळतो आणि दाबाला वाट मिळते.

एक पहारेकरी झोपला तरी उरलेले तिघे घर सांभाळतात. म्हणूनच बिघडलेला गीझर वर्षानुवर्षे चालल्यासारखा दिसतो. "दस साल से चल रहा है" याचा अर्थ गीझर धडधाकट आहे असा होत नाही. कदाचित तो चौथ्या पहारेकऱ्याच्या भरवशावर चालला असेल. आणि त्या चौथ्याच्याही जागी एखाद्या घाईतल्या मिस्त्रीने साधा प्लग ठोकून दिला असेल, तर पाणी तापवण्याच्या टाकीचा बॉम्ब व्हायला वेळ लागत नाही.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. गीझर तापताना व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडते, ते पाहून अनेक घरांत तो व्हॉल्व्ह गच्च बंद करून घेतला जातो. खरे तर पाणी तापले की फुगते. १५ अंशांचे २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे ४०० मिलिलिटरने, म्हणजे जवळजवळ दोन पेले वाढते. बंद टाकीतल्या या वाढीव पाण्याला जागा हवी. तापताना पडणारे थेंब हे व्हॉल्व्ह काम करत असल्याची खूण आहे. त्याखाली एक बारीक नळी लावून पाणी मोरीत सोडावे. व्हॉल्व्ह मात्र कधीही बुजवू नये. गीझर बंद असतानाही धार लागून राहिली, तर मात्र व्हॉल्व्ह बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

खदखद कशाची?

ज्या घरांत बोअरचे पाणी वापरले जाते, तिथे साबणाला फेस कमी येतो, नळाच्या तोंडाशी पांढरे डाग पडतात आणि चहाच्या भांड्याला आतून पांढुरकी पुटे चढतात. गंगेच्या मैदानातल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की त्यातला काही भाग चुन्यासारखा बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे एलिमेंटवर, थर धरतो.

हा थर उष्णतेला अडवतो. एलिमेंट आतून जास्त तापते आणि पाणी मात्र उशिरा तापते. थराच्या फटींत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात, तीच खदखद. शेवटी अति तापलेल्या एलिमेंटच्या नळीला बारीक चीर जाते. नळीत तारेभोवती विजेला अडवणारी पांढरी पूड भरलेली असते. चिरेतून तिच्यात ओल शिरली की वीज पाण्यात झिरपू लागते. नळाला हात लावल्यावर येणारी झिणझिणी बहुधा इथून सुरू होते.

म्हणून ती झिणझिणी ओल्या हाताची नसते. तो शेवटचा इशारा असतो. एलिमेंटमधून वीज झिरपते आहे आणि घराचे अर्थिंगही ती पूर्णपणे जमिनीत नेत नाही, अशा दोन गोष्टी ती एकदम सांगते. त्या क्षणी गीझर मुख्य बटणावरून बंद करावा आणि वायरमनने तपासेपर्यंत लावू नये. रविवारची वाट पाहू नये. त्या दिवशी चुलीवर पातेले ठेवून अंघोळ केली तरी चालते.

थर लवकर चढू नये यासाठी सोपा उपाय म्हणजे थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर न ठेवणे. तापमान जितके जास्त, तितका क्षार लवकर बसतो. ६० अंशांचे पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजू शकते, तेव्हा लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी बादलीत आधी थंड पाणी आणि मग गरम पाणी हा क्रम पाळावा. मात्र तापमान अगदी कमी ठेवून कोमट पाणी दिवसचे दिवस टाकीत साठवणेही चांगले नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात रोगजंतू वाढू शकतात.

वर्षातून एक दिवस

लखनौची थंडी दिवाळीनंतर लगेच पाऊल टाकते. तेव्हा बंब घासण्याचा जो मुहूर्त होता, तोच गीझरलाही लावावा. डिसेंबरात मिस्त्री मिळत नाही आणि मिळाला तरी घाईत असतो. ऑक्टोबरात तो निवांत भेटतो. त्या दिवशी गृहिणीने शेजारी उभे राहून कामाचा क्रम पाहावा.

आधी गीझरची वीज मुख्य पेटीतूनच बंद करावी. केवळ भिंतीवरचे बटण पुरेसे नाही. पाणी पूर्ण निवू द्यावे. मग थंड पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करावी. खालचे झाकण उघडले की एलिमेंट बाहेर येते. त्यावरचा थर हातोडीने ठोकून काढण्याची घाई मिस्त्रीला असते. ती करू देऊ नये, नळीला चीर जाते. वाण्याकडे लिंबाची फुले म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल कोमट पाण्यात घालून त्यात एलिमेंटचा वाकडा भाग काही तास बुडवून ठेवावा. वायरी जोडण्याची टोके मात्र कोरडी राहावीत. थर मऊ पडून सुटतो. संडास धुण्याचे जहाल आम्ल टाकीत ओतू नये, आतला मुलामा खराब होतो. टाकीच्या तळाशी साचलेला चुन्याचा गाळ दोन-तीनदा पाणी सोडून धुऊन काढावा.

मुलाम्याच्या लोखंडी टाकीत आणखी एक दांडा असतो, मॅग्नेशियमचा. टाकीच्या वाट्याचा गंज तो स्वतःवर ओढून घेतो आणि हळूहळू झिजून जातो. १८२४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या तळाला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे लावून असाच बचाव सुचवला होता. तेच तत्त्व आज न्हाणीघरात काम करते आहे. दांडा निम्म्याहून अधिक झिजला किंवा आतली तार दिसू लागली तर तो बदलावा. हा दांडा संपला की गंज टाकीकडे वळतो. एलिमेंट, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह हे सगळे बदलता येते. टाकी गळू लागली की मात्र डाग देण्यात पैसे घालवू नयेत, गीझर बदलावा. जुनी टाकी तांब्याची असेल तर कबाडीला देताना त्या तांब्याचा भाव वेगळा मागावा.

झाकण बसवताना रबराचा वायसर नवा घालावा. नंतर थंड पाण्याचा कॉक उघडून गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत थांबावे. त्यानंतरच वीज लावावी. रिकाम्या टाकीत एलिमेंट लावले तर ते बघता बघता जळते. वर्षभरही हाच नियम: नळातून पाणी येत नसेल तर गीझर लावू नये.

व्हॉल्व्ह किंवा एलिमेंट नवे घेताना आय.एस.आय. चिन्ह आणि मूळ भागाइतकीच वॅटची संख्या पाहावी. साठवणीच्या विजेच्या गीझरसाठी आय.एस. २०८२ हे भारतीय मानक आहे. काढलेले जुने भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावेत. कोणते बदलले आणि कोणते बदलले असे नुसते सांगितले, हे त्यावरून समजते.

तार, प्लग आणि अर्थिंग

२००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचे मोठे सॉकेट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. एक्स्टेन्शन बोर्डावर गीझर किंवा हीटर कधीही लावू नये. प्लग हाताला गरम लागत असेल, काळवंडला असेल किंवा जळका वास येत असेल तर दोष तिथेच आहे.

भिंतीतल्या प्लगला तिसरे भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असे नव्हे. जुन्या घरांत ते भोक कधी कशालाच जोडलेले नसते, कधी जमिनीतली जोडणी गंजलेली असते. वायरमनकडून मीटर लावून ते तपासून घ्यावे. याच्या जोडीला मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा ई.एल.सी.बी., ज्याला आता आर.सी.सी.बी. म्हणतात, बसवावा. जाणारी आणि परत येणारी वीज यांत एवढासा फरक पडला तरी तो क्षणार्धात वीज तोडतो. घरातल्या उपकरणांत माणसाचा जीव वाचवणारे हे सगळ्यात लहान उपकरण आहे. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आणि तो वारंवार पडतो म्हणून कोणी बाजूने तार जोडून देऊ लागला, तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवावे.

हिवाळ्यात सकाळी सगळ्यांचेच गीझर आणि हीटर एकदम लागतात, तेव्हा व्होल्टेज घसरते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर २००० वॅटचे एलिमेंट सव्वाबाराशे वॅटच देते. २५ लिटर पाणी १० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला पाऊण तास लागतो, तिथे सव्वा तासाच्या जवळपास लागतो. म्हणून पाणी उशिरा तापले की लगेच एलिमेंट बदलू नये. आधी व्होल्टेज मोजून घ्यावे.

या कामाला जवळपास दीड युनिट वीज लागते. ती वाचवण्याची एक युक्ती बोअर असलेल्या घरांत अगदी फुकट उपलब्ध आहे. जमिनीखालचे पाणी हिवाळ्यातही कोमट असते, गार होते ते गच्चीवरच्या टाकीत रात्र काढल्यामुळे. पंप रात्री चालवण्याऐवजी पहाटे अंघोळीच्या आधी चालवला, तर गीझरला १० ऐवजी २५ अंशांच्या आसपासचे पाणी मिळू शकते. दीड युनिटाचे काम मग एका युनिटात होते. अंघोळी आटोपल्या की गीझर बंद करावा. जुन्या गीझरमधला काचेचा कापूस दबलेला किंवा भिजलेला असतो आणि दिवसभर उष्णता बाहेर जात राहते. नवा गीझर घेताना ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकनाकडे पाहावे. चोवीस तासांत टाकी किती उष्णता वाया घालवते यावरच ते तारे दिलेले असतात.

विस्तव घरात घेऊ नये

गीझर बिघडला की घरात पर्याय शोधले जातात, आणि खरे अपघात पुष्कळदा या पर्यायांतून होतात. बादलीतला रॉड वापरायचा तर बटण आधी बंद, प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. धातूच्या बादलीत रॉड टाकू नये आणि मुले असलेल्या खोलीत तो लावून दुसऱ्या कामाला जाऊ नये.

गॅसचा गीझर पाणी झटकन देतो, परंतु तो न्हाणीघराच्या आत बसवू नये. बंद न्हाणीघरात ज्योत हवेतला प्राणवायू खाते, जळण अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हाच वायू बंद खोलीत ठेवलेल्या अंगीठीतून, म्हणजे आपल्या कोळशाच्या शेगडीतून, निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, झोप येते. थंडीत झोप येणे स्वाभाविक वाटते, आणि तिथेच घात होतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अंगीठी पेटवून, दारे-खिडक्या लावून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत अशा बातम्या येतात.

महाराष्ट्रातल्या बायकांनी बंब वर्षानुवर्षे पेटवला, पण तो अंगणात किंवा उघड्या पडवीत असे. धूर मोकळ्या हवेत जात असे. तीच शेगडी बंद खोलीत आली की तिचे रूप बदलते. निखाऱ्यावर राख धरली, धूर दिसेनासा झाला, म्हणजे धोका टळला असे नसते. कोणाला गरगरू लागले तर सगळ्यांनी तत्काळ उघड्यावर यावे, दारे उघडावीत आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खोली उबदार करायला विजेचा हीटर त्या मानाने बरा. विजेचा हीटर प्राणवायू खातो ही समजूत चुकीची आहे, कारण त्यात काही जळत नाही. हवा तापल्यामुळे ती कोरडी वाटते, एवढेच. मात्र लाल तारेचा हीटर रजई, पडदे आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून किमान एक मीटर दूर ठेवावा आणि झोपण्यापूर्वी बंद करावा. सासू-सासरे किंवा तान्हे मूल असलेल्या खोलीसाठी तेल भरलेला हीटर अधिक सुरक्षित, कारण त्याची तार उघडी नसते. गीझर आणि हीटर एकाच वेळी, एकाच जुन्या तारेवर चालवू नयेत.

गीझर कोणाचा?

भाड्याच्या घरात सगळे अडते ते याच प्रश्नापाशी. मालक म्हणतात, वापरतो तो दुरुस्त करील. भाडेकरू म्हणतात, वस्तू मालकांची, आपण दोन वर्षांत जाणार. दोघांचेही म्हणणे एका परीने खरे, आणि त्या दोन खऱ्यांच्या मध्ये टाकी गंजत राहते. यावर घरगुती न्याय असा: ज्यांची डोकी त्या पाण्याखाली जातात, त्यांनी आधी गीझर तपासून घ्यावा. पैशांचे बोलणे नंतर करावे. तपासणीचा खर्च कुटुंबाच्या एखाद्या हॉटेलच्या जेवणाहून फारसा जास्त नसतो. नवे भाग लागले तर पावती दाखवून मालकांशी बोलावे. भाग त्यांच्याच भिंतीवर राहणार असतो, त्यामुळे बहुतेक मालक ऐकतात. घर घेतानाच करारात वस्तूंच्या यादीत गीझरसमोर "तपासलेला" की "न तपासलेला" एवढा एक शब्द लिहून घेतला तर पुढचे बोलणे सोपे जाते.

आणि शेवटी एक अगदी साधी गोष्ट. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्यावा. त्यावर गीझर कोणत्या वर्षी बसवला, किती लिटरचा, किती वॅटचा, एलिमेंट कधी काढून धुतले, दांडा कधी बदलला, अर्थिंग कधी तपासले हे लिहावे. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीघराबाहेरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. बाळाचे टोचणीचे कार्ड जसे जपतात, तसेच हे. बदली झाली की सामान ट्रकमध्ये चढेल, पण हे कार्ड तिथेच राहू द्यावे.

तेलीबागेतल्या त्या घरात असे कार्ड लागले, की पुढच्या हिवाळ्यात तिथे राहायला येणाऱ्या अनोळखी घरात कोणा सासूबाईंनी विचारले, "हा शेवटचा कधी उघडला होता गं?" तर सून कपाटाचे दार उघडून त्यांना तारीख दाखवू शकेल.